उभ्याने पाहिलेला फुटबॉल

ग्लासगो शहराच्या दक्षिण भागात कॅथकिन पार्क नावाची बाग आहे. आत शिरलं की आधी नुसती झाडं दिसतात. मग बुंध्यांच्या मधूनमधून लोखंडी नळ्यांचे आडवे कठडे दिसायला लागतात, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की ही झाडं पायऱ्यांवर उगवली आहेत. मधोमध सपाट हिरवळ, तिच्या तीन बाजूंना चढत गेलेल्या पायऱ्या, पायऱ्यांवर पाचोळा आणि शेवाळ. हे थर्ड लॅनार्क या क्लबचं मैदान. क्लब १९६७ मध्ये बुडाला, पायऱ्या तेवढ्या राहिल्या.

थर्ड लॅनार्कची स्थापना १८७२ ची, लॅनार्कशायरच्या स्वयंसेवक पलटणीतली. स्कॉटिश पलटणी जिथे जातील तिथे फुटबॉल घेऊन जात. १८८८ मध्ये सिमल्याला पहिला ड्युरँड कप खेळला गेला तेव्हा अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्कॉटिश पलटणीच होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ असं हरवलं. इकडे ग्लासगोत पलटणीतून निघालेल्या या क्लबने १८८९ आणि १९०५ मध्ये स्कॉटिश कप जिंकला, १९०४ मध्ये लीग जिंकली. १९६०-६१ च्या हंगामात तर लीगमध्ये शंभर गोल करून तिसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर सहा वर्षांत सगळं संपलं. नंतरच्या सरकारी चौकशीत कारभारातला भ्रष्टाचार बाहेर आला, पण तोवर क्लब उरलाच नव्हता.

१९६७ च्या त्या पहिल्या पाच महिन्यांतल्या तारखा एकापुढे एक मांडल्या की स्कॉटिश फुटबॉलचा सगळा स्वभाव समोर येतो. २८ जानेवारीला इंग्लंडच्या हद्दीतल्या चिमुकल्या बेरिक गावाच्या संघाने ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सला स्कॉटिश कपमधून १-० असं बाहेर काढलं. १५ एप्रिलला स्कॉटलंडने वेम्बलीवर जगज्जेत्या इंग्लंडला ३-२ असं हरवलं, आणि सामना चालू असताना जिम बॅक्स्टर चेंडू पायावर उडवत, झेलत निवांत चालत राहिला. २८ एप्रिलला थर्ड लॅनार्क डंबार्टनकडून ५-१ असा हरला. तो त्यांचा शेवटचा सामना. आणि २५ मे रोजी, जेमतेम चार आठवड्यांनी, त्याच ग्लासगोचा सेल्टिक लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ असं हरवून युरोपियन कप जिंकणारा पहिला ब्रिटिश संघ ठरला. सहा दिवसांनी रेंजर्स दुसऱ्या एका युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना बायर्न म्युनिककडून हरला. त्या काळी स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे बावन्न लाख होती.

या सगळ्याला साक्षी होत्या त्या पायऱ्या. इंग्रजीत त्यांना टेरेस म्हणतात. आपली गच्ची नव्हे. बसायला बाक नाही, डोक्यावर बहुतेक ठिकाणी छप्पर नाही, पायाखाली अरुंद पायरी आणि पुढ्यात माणसाची पाठ. स्कॉटलंडमधल्या कष्टकऱ्यांनी जवळपास शंभर वर्षं फुटबॉल असाच उभ्याने पाहिला.

या पायऱ्या कशा बांधल्या जात हे समजून घेतलं नाही तर त्यांच्या आठवणी नुसत्या गोडगोड होतात. आधी त्या लाकडाच्या असत. लोखंडी खांबांचा सांगाडा उभा करून त्यावर फळ्या ठोकायच्या. ५ एप्रिल १९०२ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना पश्चिमेकडच्या अशाच उंच मचाणाची फळी खचली. खाली पोकळी होती. शेकडो माणसं त्या भगदाडातून सुमारे बारा मीटर खाली कोसळली. २५ जण गेले, पाचशेहून अधिक जखमी झाले. तो मचाण आर्चिबाल्ड लीच या ग्लासगोच्याच अभियंत्याने आखलेला होता. हा माणूस त्यातून उठला आणि पुढची तीन-चार दशकं ब्रिटनभर मैदानं बांधत राहिला, पण वेगळ्या रीतीने: पोकळ मचाणाऐवजी मातीचा भरीव बांध घालायचा, त्यालाच पायऱ्या पाडायच्या, आणि ठरावीक अंतरावर लोखंडी नळ्यांचे कठडे पायथ्याशी घट्ट गाडायचे. कठडे एका ओळीत लावायचे नाहीत, आडवेतिडवे लावायचे, म्हणजे वरून सुटलेला माणसांचा लोंढा थेट खालपर्यंत न जाता मध्येच कुठेतरी अडतो आणि फुटतो. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क १९०३ मध्ये उघडलं ते याच पद्धतीचं.

मातीच्या बांधातही दुखणी होतीच. सगळीकडे काँक्रीट परवडत नसे. मग पायरीच्या कडेला रेल्वेच्या रुळांखालचा जुना लाकडी स्लीपर आडवा टाकायचा आणि मागे बॉयलरची राख दाबून भरायची. पावसाने राख वाहून जाते, स्लीपर तसाच राहतो, आणि पायरीच्या जागी कडेला लाकडाचा उंचवटा नि मागे खड्डा उरतो. पाय अडखळायला यापेक्षा चांगली सोय नाही. आणि स्कॉटलंडमध्ये पावसाचं काय सांगावं!

गर्दी किती असे? हॅम्पडेनवर १७ एप्रिल १९३७ रोजी स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याची अधिकृत नोंद १,४९,४१५ ची आहे. १९६० चा युरोपियन कपचा अंतिम सामना, रेआल माद्रिदने आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्टचा ७-३ असा उडवलेला, तोही तिथलाच. पुश्काशचे चार गोल आणि दि स्तेफानोचे तीन पाहायला १,२७,६२१ माणसं होती. एवढी माणसं मावत कशी, याचं उत्तर पुढे सरकारी सुरक्षा पुस्तिकेत सापडतं. त्यात उभ्याच्या जागेसाठी कमाल मर्यादा होती दहा चौरस मीटरला ५४ माणसं. आपल्या हिशेबात सांगायचं तर चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पन्नास माणसं, सगळी उभी, सगळ्यांच्या अंगात जाड कोट. आणि ही सुरक्षित मानलेली मर्यादा. पुढे तीही कमी करून ४७ वर आणली.

अशा गर्दीत माणूस स्वतःच्या पायावर उभा नसतो. गोल झाला की मागची माणसं पुढे रेटतात, आणि आपण पाच-सात पायऱ्या खाली कसे गेलो हे कळत नाही. मग गर्दी सैलावते आणि लाट मागे सरते. सरावलेली माणसं त्यासाठी जागा हेरून ठेवत. कठड्याच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही, कारण मागून रेटा आला की नळी पोटात रुतते. खालच्या अंगाला, कठड्याला पाठ टेकून उभं राहायचं. वरची रेटारेटी कठडा झेलतो. लवकर येऊन अशी जागा धरायची आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत सोडायची नाही. हे शहाणपण बापाकडून मुलाकडे जाई.

मुलांचा प्रवेश हा वेगळाच प्रकार. टर्नस्टाइल म्हणजे ओतीव लोखंडाचं फिरतं दार. एक माणूस आत गेला की ते एक घर पुढे सरकतं आणि आकडा पडतो. तिकिटाचे पैसे नसलेली पोरं दाराशी उभी राहून रांगेतल्या कोणाही अनोळखी माणसाला म्हणत, काका, उचलून घ्या ना. तो माणूस पोराला काखेत धरून उचलायचा आणि दारावरून पलीकडे उतरवायचा. दारावरचा माणूस बहुधा काणाडोळा करी. पोराच्या पायांनी दार फिरत नसल्याने त्याची नोंदही होत नसे, म्हणजे जुने अधिकृत आकडे खऱ्या गर्दीपेक्षा थोडे कमीच धरायचे. आत गेल्यावर लहान मुलांना गर्दीच्या डोक्यांवरून हातोहात पुढे सरकवत अगदी मैदानालगत नेऊन सोडायचे.

दुपारी तीनला सामना. शनिवारी गोदी-कारखान्यांना अर्धी सुट्टी. गोव्हनच्या जहाज कारखान्यांतून सुटलेली माणसं डोक्यावरच्या चपट्या टोपीसकट आयब्रॉक्सवर पोचत. मैदानात खायला काय, तर स्कॉच पाय आणि बोव्हरील. त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण स्कॉटिश फुटबॉलच्या आठवणीत चवीला मोठी जागा आहे.

स्कॉच पाय हा तळहातात मावेल एवढा गोल, उभ्या भिंतींचा, मटणाच्या खिम्याचा इंग्रजी ‘पाय’, म्हणजे पिठाच्या वाटीत सारण भरून भाजलेला पदार्थ. पीठ भिजवायची रीत वेगळी: चरबी पाण्यात टाकून पाणी उकळायचं आणि ते उकळतं पाणीच मैद्यात ओतून गोळा करायचा. गरम असतानाच वाटीचा आकार द्यायचा. मग त्या वाट्या रात्रभर तशाच सुकायला ठेवायच्या. ही पायरी गाळली तर भिंती ओल्या राहतात, भट्टीत बसतात आणि चरबी बाहेर वाहते. सुकलेली वाटी मात्र भांड्याच्या आधाराशिवाय ताठ उभी राहते. आत मटणाचा खिमा, मीठ, भरपूर मिरी, थोडी जायपत्री किंवा जायफळ. झाकण कडेच्या बरोबरीला लावत नाहीत, साधारण बोटाच्या जाडीएवढं खाली बसवतात आणि मधोमध वाफेला भोक पाडतात. वर जी उथळ वाटी तयार होते ती ग्रेव्हीसाठी. मैदानावर हातमोजे घालून, उभ्याने, धक्के खात हा पाय खायचा. पहिल्या घासाला आतली पातळ चरबी हनुवटीवरून थेट मनगटात जाते, म्हणून जाणते लोक पाय तोंडाशी नेण्याऐवजी मान पुढे काढून पायाशी तोंड नेतात.

बोव्हरील म्हणजे गोमांसाचा आटवलेला काळा, दाट, खारट अर्क. कपभर उकळत्या पाण्यात एक चमचा ढवळला की झालं. त्याचा जनक जॉन लॉसन जॉन्स्टन हा एडिंबराजवळच्या रॉझलिनचा. फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून त्याने १८७० च्या दशकात हे मिश्रण तयार केलं, ते पुढे थंडीत उभ्या असलेल्या फुटबॉलच्या सैन्याचं पेय झालं. पेल्याभोवती दोन्ही हात धरायचे. निम्मा उपयोग पिण्याचा, निम्मा शेकण्याचा.

तिसरा पदार्थ मॅकरून बार. पेटी गळ्यात अडकवलेले विक्रेते पायऱ्यांवरून ओरडत फिरत, मॅकरून बार आणि स्पिअरमिंट च्युइंगगम! या बारच्या पोटात उकडलेला बटाटा असतो हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. मीठ-लोणी न घालता कुस्करलेला, पूर्ण गार झालेला शंभरेक ग्रॅम बटाटा आणि जवळजवळ अर्धा किलो पिठीसाखर. साखर थोडीथोडी घालायची. पहिल्या दोन-चार चमच्यांना बटाटा घट्ट होण्याऐवजी चक्क पातळ होतो. नवखा माणूस इथे घाबरून सगळी साखर एकदम ओततो आणि गुठळ्या करून बसतो. धीर धरून घालत राहिलं की मिश्रण हळूहळू वळून मळलेल्या कणकेसारखं होतं. मग वड्या पाडायच्या, गार करायच्या, वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून भाजलेल्या खोबऱ्यात घोळवायच्या. नारळाच्या वडीवर वाढलेल्या माणसाला ही वडी परकी वाटायची नाही.

मध्यंतरात दुसऱ्या मैदानांवर काय चाललंय ते एका फलकावर कळे. फलकावर संघांची नावं नसत; ए, बी, सी अशी अक्षरं आणि पुढे हाताने अडकवलेले आकडे. कुठलं अक्षर म्हणजे कुठला सामना, ते त्या दिवशीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत दिलेलं असे. पत्रिका घ्या नाहीतर शेजाऱ्याला विचारा. संध्याकाळी खास क्रीडा आवृत्ती. अबर्डीनला ग्रीन फायनल निघे, इतर शहरांत कुठे गुलाबी कागदावर. सामना पावणेपाचच्या आत संपायचा आणि तासा-दीड तासात अंक रस्त्यावर. हे शक्य होई कारण वार्ताहर सामना चालू असतानाच फोनवरून परिच्छेदामागून परिच्छेद सांगत असे आणि ते तसेच जुळवले जात. त्यामुळे अर्धा वृत्तान्त बचावफळीची वाखाणणी करणारा आणि कोपऱ्यातल्या ताज्या बातमीच्या चौकटीत शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाल्ल्याची खबर, असं वाचायला मिळे. मला हे आजच्या घासूनपुसून लिहिलेल्या वृत्तान्तापेक्षा खरं वाटतं. सामना पाहताना माणसाला शेवट ठाऊक नसतो, तसा तो लेखनालाही ठाऊक नसे.

आणि रेडिओ. १९७४ पासून २०१३ पर्यंत बीबीसीवर निकाल वाचले ते एडिंबरात जन्मलेल्या जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी. पहिल्या संघाचं नाव आणि आकडा वाचून झाला की दुसऱ्या संघाच्या नावावर त्यांचा आवाज जिथे जाई, तिथेच निकाल कळे. आवाज चढला तर पाहुणे जिंकले, खाली आला तर हरले, सपाट राहिला तर बरोबरी. आकडा अजून उच्चारायचा असे, पण घराघरांत तो आधीच कळलेला असे.

खेळाडू कुठून येत हे पाहायचं तर पायऱ्यांवरून उतरून गल्लीत जायला हवं. ग्लासगोच्या चाळवजा इमारतींच्या मागे फरसबंद अंगणं होती आणि पोरांकडे सहा पेन्सवाला छोटा रबरी चेंडू. सहा पेन्सच्या नाण्याला टॅनर म्हणत, म्हणून टॅनर बॉल. टप्पा चंचल, जागा अरुंद, भिंती जवळ; तिथे चेंडू पायाजवळ ठेवणं भागच पडे. नाजूक पायाचा, हुलकावण्या देणारा खेळाडू दिसला की स्कॉटिश माणूस आजही त्याला त्या चेंडूच्या नावाने ओळखतो. जरा मोठं झाल्यावर ब्लेझचं मैदान. खाणीतून कोळशाबरोबर निघणारा टाकाऊ शेल दगड जळून लाल होतो, तो भरडून अंथरला की झालं मैदान. पाणी झटकन निचरतं, गवत कापायला लागत नाही, खर्च जवळजवळ शून्य. पण त्यावर पडलं तर गुडघ्याची साल निघते आणि लाल कच मांसात जाऊन बसते. रात्री आई ब्रशने घासून ती काढणार, आणि राहिलीच एखादी कच तर कातडीखाली ठिपका कायमचा. एका पिढीचे गुडघे त्यावरून ओळखावेत.

खाणीचा आणि फुटबॉलचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. सेल्टिकला लिस्बनपर्यंत नेणारे जॉक स्टीन लॅनार्कशायरच्या खाणीत काम केलेले. लिव्हरपूल घडवणारे बिल शँकली एअरशायरच्या ग्लेनबक या खाणगावचे. पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळले, आणि हजार-बाराशे वस्तीच्या त्या एका गावातून पन्नासच्या आसपास व्यावसायिक खेळाडू निघाले. खाण बंद पडली, गाव उठलं. सेल्टिकच्या लिस्बनच्या अकरा जणांपैकी दहा जण तर त्यांच्या मैदानापासून दहा मैलांच्या आत जन्मलेले. अकरावा बॉबी लेनॉक्स, तो तीस मैलांवरच्या सॉल्टकोट्सचा. त्या सामन्याची एक गोष्ट मला गोलांइतकीच मोलाची वाटते. संघातल्या बऱ्याच जणांना कवळ्या होत्या. त्या काढून गोलरक्षक रॉनी सिम्पसनच्या टोपीत ठेवल्या आणि टोपी गोलजाळीत. शेवटची शिट्टी झाली, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि युरोपचे नवे विजेते आधी धावले ते दात शोधायला. विशी-तिशीतल्या तरुणांच्या तोंडात कवळ्या का होत्या, हा प्रश्न त्या काळच्या ग्लासगोच्या गरिबीकडे घेऊन जातो.

त्या पायऱ्यांवर बायका फार थोड्या असत. हजारो पुरुषांना पुरतील इतक्या मुताऱ्या नव्हत्या, त्यामुळे काय होई ते सांगायला नको. रेंजर्सने कित्येक दशकं कॅथलिक खेळाडूंना दारच उघडलं नाही. १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतलं तेव्हा त्यांच्याच काही पाठीराख्यांनी गळ्यातले स्कार्फ जाळले. १९८० च्या कप अंतिम सामन्यानंतर सेल्टिक आणि रेंजर्सचे लोक हॅम्पडेनच्या हिरवळीवर बाटल्यांनी भिडले, घोडेस्वार पोलीस आले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने मैदानात दारू बंद झाली. हे सगळं त्याच शनिवारांतलं आहे.

आणि जिना क्रमांक १३. आयब्रॉक्सच्या ईशान्य कोपऱ्यातला हा उंच, उभट जिना भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला सर्वांत जवळचा, म्हणून सामना सुटला की सगळ्यांची धाव तिकडे. १९६१ मध्ये तिथे दोन माणसं चेंगरून मेली. १९६७ आणि १९६९ मध्ये पुन्हा माणसं जखमी झाली. २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्स-सेल्टिक सामना संपत आला असताना जिमी जॉन्स्टनने सेल्टिकचा गोल केला आणि अगदी शेवटच्या क्षणी कॉलिन स्टीनने बरोबरी साधली. काही मिनिटांत त्या जिन्यावर ६६ माणसं गेली. पुष्कळसे विशीच्या आतले, त्यात फाइफमधल्या मार्किंच गावातून एकत्र आलेली पाच शाळकरी मुलं.

बरीच वर्षं लोक सांगत राहिले की बरोबरीच्या गोलाचा गजर ऐकून बाहेर पडलेले मागे फिरले आणि दोन लोंढे एकमेकांवर आदळले. चौकशीत तसं आढळलं नाही. सगळे एकाच दिशेला, खाली चालले होते. मध्यावर कुठेतरी कोणी तरी पडलं. सपाट जागेवर पडलेल्या माणसाभोवती गर्दी फुटते. उतारावर मागच्यांचं वजनच त्यांना पुढे ढकलतं, आणि वरच्यांना खाली काय झालंय ते दिसत नाही. जिन्याच्या दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी कुंपण आणि मधून पोलादी रेलिंगच्या पट्ट्या, त्यामुळे बाजूला निसटायला वाट नाही. बहुतेक जण पडून नव्हे, छातीवरच्या दाबाने श्वास कोंडून गेले. कित्येक उभ्या स्थितीतच. गोल झाल्यावर पाच-सात पायऱ्या खाली वाहून नेणारी जी लाट इतक्या प्रेमाने आठवली जाते, तीच ही लाट. फक्त तिला थोपवायला मध्ये आडवा कठडा नव्हता.

त्यातून लॉर्ड व्हीटली यांचा १९७२ चा अहवाल आला, त्यातून १९७५ चा मैदान सुरक्षा कायदा. रेंजर्सने १९७८ ते १९८१ मध्ये आयब्रॉक्सच्या तीन बाजू पाडून बसायच्या आसनांचे नवे स्टँड बांधले. जुना लीचचा विटांचा मुख्य स्टँड राखला. हॅम्पडेनही टप्प्याटप्प्याने बदललं आणि १९९९ मध्ये सुमारे बावन्न हजार आसनांचं होऊन पुन्हा उघडलं. उभ्या पायऱ्या गेल्या त्या कोणाच्या लहरीने नाही.

आता चेंडू. जुना चेंडू चामड्याच्या अठरा पट्ट्यांचा, तीन-तीन पट्ट्यांचे सहा गट. एका बाजूला चीर, आत रबरी फुगा. चिरेतून फुगा घालायचा, नळीतून हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्याने बांधायची, चामड्याच्या जिभेखाली दाबायची आणि वर वादीने शिवण आवळायची. नळीची घडी नीट बसली नाही तर तिथे गाठ राहते आणि चेंडू हवेत डुगडुगतो. वादी सैल आवळली तर चीर फाकते. नियमानं वजन १४ ते १६ औंस, म्हणजे चारशे ते साडेचारशे ग्रॅम. पण ते सामन्याच्या सुरुवातीला, कोरडं. ओल्या हवेत चामडं पाणी पीत राही. चरबी-मेणाचा लेप चोळला तरी दुसऱ्या अर्ध्यात चेंडू जड व्हायचाच. डोक्याने मारताना वादी कपाळावर बसली तर कातडी फाटे. म्हणून चांगला विंगर कॉर्नर घेताना चेंडू असा ठेवी की वादी मारणाऱ्याच्या कपाळाकडे येऊ नये.

बूटही तसेच, घोट्यापर्यंत चामडं आणि पुढे कडक टोक. त्या काळात, १९३६ मध्ये, कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या मैदानावर उतरला तो बूट न घालता, पायाला पट्ट्या गुंडाळून. दोन सामने खेळला, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि घरच्या ओढीने तो परत आला.

त्या जड चेंडूच्या कथा हसत सांगितल्या जात. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९०० ते १९७६ दरम्यान जन्मलेल्या ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी २३,०२८ सामान्य माणसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सत्तरीपर्यंत खेळाडूंचे मृत्यू कमी. हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग यांतही ते उजवे. पण मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण साडेतीन पट. लिस्बनमध्ये कप उचलणारा कर्णधार बिली मॅकनील, हेडिंगसाठी नावाजलेला मध्यबचावपटू, त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. अखेरची वर्षं त्याला स्मृतिभ्रंश होता. एका माणसाच्या आजाराचं कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही, आकडे समूहाचे असतात. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात मात्र चित्र आणखी स्पष्ट झालं: डोक्याने क्वचितच खेळणाऱ्या गोलरक्षकांत धोका फारसा वाढलेला नाही, बचावपटूंत तो पाच पटींच्या घरात. आणि दोष जुन्या चामड्याच्या चेंडूचा होता, आता तो गेला, हा दिलासाही टिकला नाही. खेळण्याचा काळ बदलला तरी धोक्यात फरक दिसला नाही. हलका चेंडू पाणी पीत नाही, पण तो वेगाने येतो. स्कॉटिश फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढलं, आणि २०२२ मध्ये व्यावसायिक संघांना सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडिंगचा सराव न करण्याची सूचना दिली.

हॅम्पडेनच्याच पोटात स्कॉटिश फुटबॉलचं संग्रहालय आहे. तिथून, अल्झायमर स्कॉटलंड या संस्थेच्या साथीने, २००९ च्या सुमारास एक उपक्रम सुरू झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना छोट्या गटात जमवायचं आणि जुन्या फुटबॉलबद्दल बोलतं करायचं. अल्झायमरमध्ये ताज्या आठवणी आधी जातात. पोरवयातल्या आणि तरुणपणाच्या बऱ्याच काळ तग धरतात. सकाळी काय खाल्लं हे सांगता येत नाही, पण एडिंबराच्या हिबर्नियन ऊर्फ हिब्ज क्लबच्या पाच आघाडीवाल्यांची नावं, स्मिथ, जॉन्स्टन, रायली, टर्नबुल, ऑर्मंड, एका दमात येऊ शकतात. अशा बैठकीत प्रश्न विचारताना सांभाळावं लागतं. हा कोण, ओळखा पाहू, असं विचारलं की परीक्षा होते. उत्तर सुचलं नाही तर माणूस ओशाळतो आणि मिटून जातो. त्यापेक्षा फोटो पुढे ठेवायचा आणि गप्प बसायचं. किंवा वस्तू हातात द्यायची: लेप लावलेला चामड्याचा चेंडू, जाड बूट, जुनी पत्रिका. वास आणि स्पर्श शब्दांच्या आधी पोचतात. सोबत आलेल्या मुलाबाळांना बापाकडून कधी न ऐकलेलं तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळतं.

कॅथकिनवर आजही सामने होतात. पायऱ्यांवर तुरळक माणसं असतात, मध्ये झाडं. जुने कठडे मोठ्या माणसाच्या छातीच्या किंचित खाली येतात, मुद्दाम त्या उंचीवर गाडलेले. आता वरून रेटणारं कोणी नाही. त्यामुळे पूर्वी शहाणा माणूस जी बाजू टाळायचा, त्या वरच्या अंगाला खुशाल उभं राहता येतं, आणि दोन्ही कोपरं आपसूक नळीवर जाऊन टेकतात.